चिंचोके, चिंध्या आणि चिखल : सुटीतले घरचे खेळ

उन्हाळ्याची सुटी लागली की शेतकऱ्याच्या घरात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पोरे म्हणतात, करमत नाही. मोठी माणसे म्हणतात, पोरांनी उच्छाद मांडला आहे. मग कोणीतरी पोराच्या हातात मोबाइल देते आणि घर शांत होते. ही शांतता काही खरी नव्हे. आणि बॅटरी संपली की पोर उठते ते थेट मळ्याकडे, विहिरीकडे नाहीतर शेततळ्याकडे जाते.

शेतीच्या विस्तार अधिकाऱ्याने बियाण्याविषयी लिहावे, खताविषयी लिहावे, पोरांच्या खेळांत त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याच्या मुलाचे मैदान म्हणजे शेतच असते. तिथेच कडबाकुट्टीचे यंत्र असते, तिथेच औषधांच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात आणि बांधावर चंद्रज्योत फळलेली असते. पोराला अंगणात, झाडाच्या सावलीत गुंतवून ठेवील असा खेळ घरातच असेल, तर निम्मी काळजी तिथेच मिटते. आणि असे खेळ दुकानातून आणावे लागत नाहीत. आपल्या आज्या-पणज्या ते खेळत आल्या आहेत. साहित्य घरातच आहे, फक्त कोणीतरी अर्धा तास पोरांत बसायला हवे.

दुपारी बारा ते चार या वेळेत मुलांनी उन्हात हुंदडू नये. तेव्हा या वेळेसाठी बैठे खेळ आधी सांगतो.

फाल्गुन-चैत्रात चिंच फोडून झाली की चिंचोक्यांची रास उरते. त्यातले चार टपोरे चिंचोके घ्या. एकेक चिंचोका कडेवर उभा धरून वरून दगडाचा हलका ठोका दिला की त्याच्या दोन डाळी होतात. नीट न फुटल्यास चिंचोक्याची एक बाजू खरबरीत दगडावर घासावी. पांढरा गर दिसू लागला की काम झाले. प्रत्येकातली एक डाळ, म्हणजे एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी असे चार नग, हेच आपले फासे. आता शहाबादी फरशीवर कोळशाने किंवा गोणपाटावर चुन्याने पाच उभी आणि पाच आडवी अशी पंचवीस घरे आखा. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली मारा. झाला चल्लस-आठचा पट. नाव गावोगाव बदलते, खेळ तोच.

चौघे चार बाजूंना बसतात. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. एकाच्या बांगडीच्या काचा, दुसऱ्याचे खडे, तिसऱ्याच्या तुरकाठीचे तुकडे, चौथ्याची मक्याच्या कणसाची चकत्या केलेली बुरकुंडे, काहीही चालते. चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे वर, तितकी घरे पुढे. चारही पांढरे पडले तर चार, म्हणजे चल्लस. चारही पालथे पडले तर आठ. या दोन दानांना आणखी एक डाव मिळतो. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरते, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेने फिरते आणि मधल्या फुलीत पोहोचते. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारत नाही. एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. या एका नियमामुळेच खेळाला रंग चढतो, कारण नुसते जपून चालणारा खेळाडू बाहेरच गरगरत राहतो.

या खेळात गणितही आहे, पण ते पोरांना आधी सांगू नका. चार चिंचोके पडण्याचे एकंदर 16 प्रकार आहेत. त्यातले सहा प्रकार दोनचे दान देतात, चार प्रकार एकचे, चार प्रकार तीनचे. चार आणि आठ मात्र एकेकाच प्रकारे पडतात. म्हणून आठ पडले की पोरे आरोळी ठोकतात. सहावी-सातवीतल्या मुलाला सांगा, शंभर वेळा चिंचोके टाक आणि प्रत्येक दानाची पाटीवर रेघ ओढ. चिंचोक्याची एक बाजू फुगीर आणि एक सपाट असल्यामुळे हिशोब तंतोतंत जमत नाही. तो का जमत नाही यावर घरात वाद झाला तर फारच चांगले.

दुसरा बैठा खेळ नवकांकरीचा. एकात एक असे तीन चौकोन काढावेत आणि त्यांच्या बाजूंचे मध्य एका रेघेने जोडावेत. एकूण 24 ठिकाणे होतात. दोघांकडे नऊ-नऊ खडे असतात, एकाचे काळे, एकाचे पांढरे. आळीपाळीने एकेक खडा मांडायचा. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. मांडून झाले की एकेक घर सरकवायचे. ज्याचे दोनच खडे उरले तो हरला. चिंचोक्यांसारखे नशीब यात मुळीच नाही. म्हणून एकदा गोडी लागली की आजोबाही उठत नाहीत. असे पट आपल्याकडे फार जुने आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि कित्येक देवळांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले पट आजही पाहायला मिळतात.

सागरगोटे तर कोणाला शिकवायला नकोत. सागरगोट्याचे काटेरी झुडूप कुंपणाला लावलेले असते. त्याच्या काटेरी शेंगेत एक-दोन राखी रंगाचे, गुळगुळीत, दगडासारखे टणक बी निघते. शेंग हातमोजा किंवा जाड फडके घेऊन मोठ्या माणसानेच फोडावी. पाच गोटे घ्यावेत. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. बोटे आणि नजर यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्या खेळात बसत असेल असे मला वाटत नाही. फरशीवर घासून तापवलेला सागरगोटा दुसऱ्याच्या दंडाला लावण्याची खोड मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. चटका चांगलाच बसतो.

इथे एक गोष्ट मनात आहे ती बोलतो. सागरगोटे हा मुलींचा खेळ, असे आपण म्हणतो. पण गावात मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की तिच्या हातातला सागरगोटा सुटतो आणि कडेवर धाकटा भाऊ येतो. भाऊ विटीदांडू खेळतो, ती हंडा घेऊन जाते. सुटीत तिच्याही वाट्याला रोज निदान एक तास निव्वळ खेळाचा यावा. त्या तासात कोणी हाक मारू नये. घरच्या गृहिणींना हे सांगण्यापेक्षा घरच्या पुरुषांना सांगणे अधिक बरे, कारण हंडा त्यांनाही उचलता येतो.

आता बियांविषयी महत्त्वाचे. खेळायला सगळ्या बिया चालत नाहीत. चिंचोके चालतात, सागरगोटे चालतात, आंब्याच्या कोयी चालतात. पण लाल अंगावर काळा ठिपका असलेली गुंज, चट्टेरी एरंडी, पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, धोत्र्याचे बी आणि चंद्रज्योतीचे, म्हणजे मोगली एरंडाचे बी मुलांच्या हातात मुळीच देऊ नये. यांतले प्रत्येक बी विषारी आहे. बिट्टीचे विष थेट हृदयावर काम करते. गुंज दिसायला मण्यासारखी असल्याने पोरे ती गोळा करतात. ती चावली गेली तर जिवावर बेतते. सीताफळाच्या बिया खेळायला घेतल्या तर त्या फोडू देऊ नयेत, पूड डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते.

यात सर्वांत फसवी चंद्रज्योत. जैवइंधनासाठी म्हणून दोन दशकांपूर्वी तिची ठिकठिकाणी लागवड झाली, कुंपणाला तर ती आधीपासूनच होती. तिचे बी चवीला शेंगदाण्यासारखे लागते. एक पोर खाते, ते दुसऱ्याला देते, आणि संध्याकाळी पाच-दहा मुले एकदम उलट्या-जुलाबांनी बेजार झाल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. असे झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. जे बी खाल्ले त्याची शेंग किंवा फांदी बरोबर घ्यावी, 108 क्रमांकाला फोन करावा आणि लगेच दवाखाना गाठावा. पोटात काय गेले ते डॉक्टरांना डोळ्यांनी दिसले की उपचार लवकर होतो. मूल बरे वाटते म्हणाले तरी त्याला दाखवून आणावे.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक बी घरात येते. बीजप्रक्रिया केलेले लाल, गुलाबी किंवा हिरवे बी. त्यावर औषधाचा लेप असतो, आणि रंग मुद्दाम दिलेला असतो तो ओळखू यावे म्हणून. पोरांना मात्र तोच रंग आवडतो. सोंगट्या म्हणून, भातुकलीतले दाणे म्हणून ते पिशवीतले बी पळवतात. पिशवी उंचावर, कुलपात ठेवावी. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचीही तीच गोष्ट. चार बुचांची चाके लावली की बाटलीची झकास मोटार होते, म्हणून पोरे त्या उचलतात. फवारणी झाली की बाटली तीन वेळा पाण्याने विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, बाटलीला भोके पाडावीत आणि वस्तीपासून व पाण्यापासून दूर पुरावी. लाल त्रिकोणाचे औषध सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे चार रंग मुलांनाही शिकवून ठेवा. पण हिरवा त्रिकोण आहे म्हणून बाटली खेळायला घ्यावी असा त्याचा अर्थ नाही, हेही त्याच वेळी सांगा.

पाच वर्षांखालच्या मुलांजवळ अख्खे दाणे ठेवूच नयेत. हरभरा नाकात गेला की ओलीने फुगतो. शेंगदाणा हसता-खेळता श्वासनळीत जातो. थोरली पोरे चिंचोके खेळत असतील तर धाकट्याला चिखलाचा गोळा द्या.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर बैलांकडे वळू. बेंदूर आषाढात, पोळा श्रावणाच्या अमावास्येला. पण मातीचे बैल करायला उन्हाळ्याची सुटीच बरी, कारण हात मोकळे असतात. पोरे रानातली काळी माती आणतात, झकास बैल करतात आणि तिसऱ्या दिवशी त्याला भेगा पडून शिंगे गळतात. पोर हिरमुसते. यात पोराचा दोष नाही, मातीचा गुण आहे. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. ज्या गुणामुळे रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच गुणामुळे बैलाच्या पाठीला तडा जातो.

त्यावर उपाय सोपा आहे. तीन भाग काळी माती किंवा तळ्यातला गाळ, एक भाग चाळलेली बारीक वाळू आणि ओंजळभर गव्हाचा बारीक भुसा. रात्रभर भिजवावे. सकाळी पायाने तुडवावे; हे काम पोरांना न सांगताच करावेसे वाटते. कणकेसारखी मऊ झाली की बैल घडवावा. पायांत तुरकाठीचे तुकडे घातले की बैल बसका होत नाही. तयार बैल उन्हात मुळीच ठेवू नये. ओल्या फडक्याखाली सावलीत दोन दिवस, मग उघड्यावर पण सावलीतच तीन-चार दिवस वाळवावा. भुशामुळे आणि वाळूमुळे माती कमी आकसते आणि सावकाश वाळल्यामुळे आतून-बाहेरून सारखी वाळते. वर चुना, गेरू आणि काजळी यांनी रंगवावे. मग त्याला लागणारी गाडी ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची करता येते. ताटाची वरची साल निघते ती कामट्यांसारखी वापरायची, आतला पांढरा हलका गर म्हणजे ठोकळे. गरात साल खुपसत गेले की जू, साट्या, चाके सगळे उभे राहते. खिळा लागत नाही, डिंक लागत नाही. साल पात्यासारखी धारदार असते, तेव्हा पहिले काही तुकडे मोठ्यांनी सोलून द्यावेत.

असल्या साहित्याला हलके समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बिया, पाने, फुले, खडे, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने केली. आदिवासींच्या अंगणातच अंगणवाडी भरवली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा नेली, तिचे नाव कुरणशाळा. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, त्या शब्दामागे हे अंगण आहे. आपल्या गावच्या अंगणवाडीताईंना चिंचोके, सागरगोटे आणि वाळूच्या पिशव्या नेऊन दिल्या तर त्यांना त्यांचा उपयोग सांगावा लागणार नाही.

उन्हे कलली की मैदानी खेळ. लगोरीला सात खापऱ्या लागतात. जुन्या कौलांचे तुकडे घासून गोल करावेत, मोठा खाली, लहान वर. चेंडू घरी करावा. जुन्या सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडून घट्ट गुंडाळाव्यात आणि प्रत्येक फेरीला दिशा बदलावी. मोसंब्याएवढा गोळा झाला की सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद कड्या कापून त्या चहूबाजूंनी ताणून चढवाव्यात. दहा-बारा कड्या बसल्या की चेंडू उसळी घेतो, आणि पाठीत बसला तरी वळ उठत नाही. आत दगड घालू नये. काही पोरे वजन यावे म्हणून घालतात, त्यांच्या चेंडूवर लक्ष ठेवा.

विटीदांडूसाठी दोन फुटांचा दांडू आणि चार ते सहा इंचांची विटी पुरते. पूर्वी बलुत्याचा सुतार पोरांना ती हसत तासून देई. पुष्कळ गावांत वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजत टोले मारतात. तेलुगू-कानडीतल्या एक, दोन, तीन, चारशी हे आकडे जुळतात. खेळ सीमेपलीकडच्या गावांशी वाटून घेतलेला आहे, तो असा. पण विटीने डोळा जातो, हेही तितकेच खरे आहे. बाभळीची विटी जड आणि टणक असते. लहान मुलांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची विटी द्यावी, तिची टोके पेन्सिलीसारखी न करता बोथट ठेवावीत, आणि झेलणाऱ्यांनी दहा-बारा पावले लांब उभे राहावे. डोळ्याला विटी लागलीच तर डोळा चोळू नये, दाबू नये, त्यात मध, तूप, दूध काही घालू नये. स्वच्छ फडके हलकेच झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. सकाळपर्यंत बघू, असे म्हणू नये.

लपाछपीला हद्द ठरवून द्या. कडब्याची गंजी, उभा ऊस, ट्रॅक्टरची ट्रॉली, कडबाकुट्टी यांच्याजवळ लपणे बाद. कुट्टीचे चाक फिरवायला पोरांना फार आवडते आणि पात्यात दुसऱ्याचीच बोटे जातात. काम झाले की चाक साखळीने बांधावे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर ते विहिरीपेक्षा फसवे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणारालाही उतारावरून वर येता येत नाही. तळ्याला तारेचे कुंपण करावे, आणि चारी बाजूंनी काठावरच्या खुंटाला बांधलेला जाड गाठींचा दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. जुन्या टायरच्या ट्यूबा फुगवून दोराला बांधल्या तर आणखी बरे. यंदा सुटीआधी हे एवढे काम कराच.

तुमच्या फडात ऊसतोडीची किंवा वीटभट्टीची कुटुंबे उतरली असतील तर त्यांची पोरेही संध्याकाळच्या लगोरीत घ्या. त्यांना दुसऱ्या गावचे डाव येतात.

पावसाच्या तोंडाशी एक शेवटचा खेळ. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून प्रत्येक मुलाला 100 दाणे मोजून घेऊ द्या. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे. हे बी औषध न लावलेले असावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत ते मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि रोज पाणी शिंपडून ओलसर राखावे. ज्याचे त्याचे गोणपाट निराळे, त्यावर ज्याचे त्याचे नाव. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले मोड आलेले दाणे मोजावेत, ज्याचे जास्त तो जिंकला. 70 किंवा अधिक उगवले तर बी पेरणीजोगे आहे. 70 ला थोडे कमी पडले तर एकरी बियाणे त्या मानाने वाढवावे, आणि 60 च्याही खाली गेले तर ते बी तेलाला द्यावे. एकाचे 85 आणि दुसऱ्याचे 55 निघाले, तर भांडण सोडवण्यापूर्वी दोघांनी पोत्याच्या कोणत्या भागातून दाणे घेतले ते विचारा. तळाशी ओल लागलेली असते.